इंदूरचा नवा नक्शा काढणाऱ्या साहेबांना: आमची विहीर कुठे दाखवणार?

प्रति,
इंदूरचा नवीन मास्टर प्लॅन तयार करणारे सगळे साहेब लोक. नगर निवेशवाले म्हणजे नगररचनेवाले, पालिकेवाले, प्राधिकरणवाले आणि शेवटी ज्यांची सही होईल ते.

सा. न. वि. वि.

मराठीत लिहितोय, चालवून घ्या. या शहराचे कागद एके काळी मोडी लिपीत निघायचे, त्यामुळे माझं एक पत्र मराठीत आलं तर काही बिघडत नाही. आणि खरं सांगू का, हिंदीत अर्जी दोनदा देऊन झाली, एका खिडकीवर पावती मिळाली, दुसऱ्या खिडकीवर ती पण नाही, मग म्हटलं आता उघडंच लिहू, कोणी ना कोणी वाचेलच.

विषय आमची विहीर.

मल्हारगंजात आमचा वाडा होता, आजोबांच्या वडिलांनी बांधलेला. पुढे ओटला, मग देवडी, मग चौक आणि मागच्या चौकात विहीर. काळ्या दगडाची, तीसेक हात खोल, वरती रहाट. घरात बाळंतीण उठली की शेजारच्या मालवी बायकांचं बघून आमची आजी पण सुनांना विहिरीची पूजा करायला लावायची, मग तिथेच बत्तासे वाटायची. मे महिन्यात पाणी खाली जायचं तेव्हा तळाजवळचा एक पांढरट दगड दिसायला लागायचा, तो दिसला की आजोबा म्हणायचे आता अंगणात सडा बंद. बस, एवढंच होतं आमचं वॉटर मॅनेजमेंट. एक दगड.

१९७० मध्ये इंदूरात नर्मदा आणा म्हणून आंदोलन झालं ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत असेल. माझे वडील त्या मोर्च्यांत गेलेले, आयुष्यभर त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो बरोबरच होता, शहर तहानलेलं होतं. १९७८ मध्ये नर्मदा आली. नळाला गोड पाणी आलं, आई सांगायची की पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. आणि विहिरीचा दोर त्याच वर्षी कपडे वाळत घालायच्या कामाला लागला. मग रहाट गेला, मग वर जाळी आली, मग जाळीवर भंगार.

१९९६ मध्ये काकालोकांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा बिल्डरला दिला. खाली दुकानं, वर फ्लॅट, आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन. नक्शा पास होऊन आला तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो, मीच तो टेबलावर पसरून बघितला, पार्किंग होतं, जिना होता, डक्ट होता, विहीर नव्हती. बिल्डरने काही लपवलं वगैरे नाही हो. त्याने विचारलं नाही, नक्शा बघणाऱ्या साहेबांनी विचारलं नाही आणि आम्ही पण सांगितलं नाही, कारण सांगितलं तर काम अडकेल ही भीती. वाड्याचाच मलबा विहिरीत ढकलला, दोन दिवस लागले भरायला. वडिलांनी वरून एक नारळ टाकला. त्यांनी ज्या हातांनी नर्मदेसाठी झेंडा धरला त्याच हातांनी, असं मी लिहिणार होतो पण जाऊ दे, त्यांचा एकट्याचा दोष नाही, सह्या आम्ही सगळ्यांनी केल्या होत्या. माझी पण आहे.

तर आता सांगतो तुम्हाला का लिहितोय. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला की आमच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं, आणि ते रस्त्यावरून आत येतं त्याच्या आधी मागच्या कोपऱ्यातून वर येतं. बरोबर तोच कोपरा. तिकडे फरशी तीन वेळा बदलली, वॉटरप्रूफिंगवाला दोनदा पैसे घेऊन गेला, पाणी काही ऐकत नाही, येतंच. आम्ही मोटर लावून ते गटारात काढतो. आणि एप्रिल लागला की त्याच पार्किंगमध्ये टँकरचा पाइप टाकून हौदात पाणी घेतो. सोसायटीच्या वहीत दोन्ही खर्च एकाखाली एक लिहिलेत, "पानी निकासी" आणि "टँकर". वही मीच लिहितो.

आता थोडा हिशोब करू या, मी आयुष्यभर हिशोबाचीच नोकरी केली.

नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, मंडलेश्वरजवळून, साधारण ७० किलोमीटर. नुसतं लांब नाही, खाली आहे. नर्मदेचं खोरं खाली, अपण विंध्याच्या डोक्यावर, म्हणजे पाणी ५०० मीटरच्या वर चढवून आणावं लागतं. हजार लिटर पाणी एवढं उचलायला, पंपाचं नुकसान वगैरे धरून, दोन युनिटच्या आसपास वीज लागते, कॉलेजचं फिजिक्स आठवत असेल तर तुम्ही पण काढून बघा. या विजेच्या बिलाने पालिकेची कंबर मोडते म्हणूनच तर २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले ना, जलूदला ६० मेगावॅटचं सोलर प्लांट लावायला. चांगलं केलं, मी टीका नाही करून राहिलो. पण सूर्याने उचललं तरी ७० किलोमीटरचं पाणी ते ७० किलोमीटरचंच, पाइप फुटला की अर्धं शहर बादल्या घेऊन उभं.

आता दुसरी बाजू. इंदूरात वर्षाला साधारण ३७-३८ इंच पाऊस पडतो. हजार स्क्वेअर फुटाचं छत घ्या, त्यावर वर्षभरात ८५-९० हजार लिटर पाणी पडतं. उडालं, वाहिलं, पहिल्या सरीचं घाण म्हणून सोडलं, तरी ६५-७० हजार लिटर हातात राहतं. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर तेरा-चौदा टँकर, एका छताचे, फुकट, कोणी उचलून आणायचे नाहीत, वरून पडतात. आणि आमच्या बिल्डिंगचं छत हजार फुटाचं नाही, बरंच मोठं आहे. हे सगळं गटारात जातं, तिथून कान्ह नदीत, तिथून शिप्रा नदीत, आणि मग उज्जैनवाले ओरडतात की इंदूरची घाण आली. मग त्या घाणीला बायपास करायला जमिनीखालून बंद डक्ट टाकायचं मोठं काम काढलं, सिंहस्थ आहे ना २०२८ मध्ये. म्हणजे बघा, पाणी आणायला एक पाइप आणि घालवायला दुसरा पाइप, मधलं शहर नुसतं ओलं व्हायला.

मालव्याबद्दल जुनी म्हण आहे, "मालव धरती गहन गंभीर, पग-पग रोटी डग-डग नीर". ती म्हण लिहिणारा उगीच कौतुक नव्हता करत. इथली जमीन म्हणजे वरती काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा कातळ. पाणी मुरमात आणि कातळाच्या वरच्या फटींत राहतं. रुंद तोंडाची विहीर त्या मुरमातून चहूबाजूंनी झिरपून भरते आणि पावसात तीच उलटी, जमिनीला पाणी देते. बोरिंगचं तसं नाही. बोरिंग म्हणजे सहा इंचाची नळी, लागली फट तर लागली, नाही तर धूळ.

माझी बहीण सुदामा नगरात राहते. तिच्या गल्लीत पहिलं बोरिंग ऐंशीच्या दशकात झालं तेव्हा दीडशे फुटांवर पाणी होतं, मग शेजाऱ्याने तीनशे केलं तर हिचं आटलं, हिने चारशे केलं तर समोरच्याचं आटलं, मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या बिल्डिंगने आठशे फूट मारलं तरी चार महिन्यांत मोटर हवा फेकायला लागली. एका गल्लीतले लोक, गणपतीला एकत्र आरती म्हणणारे, जमिनीच्या खाली एकमेकांची चोरी करून राहिलेत आणि कोणालाच वाटत नाही की आपण चोर आहोत. दोन घरांचं तर बोलणं बंद झालंय, सांगताना कारण पार्किंगचं सांगतात. उन्हाळ्यात कलेक्टर साहेब नवीन बोरिंगवर बंदी घालतात, ठीक, पण बंदीच्या आधीच्या आठवड्यात मशीन रात्रभर चालते हे तुम्ही पण ऐकलं असेल, झोप तुम्हालाही लागत नसेल.

आणि हे झालं ज्यांच्याकडे बोरिंग आहे त्यांचं. आमच्याकडे कामाला येतात त्या बाई बायपासच्या पलीकडच्या एका अवैध कॉलनीत राहतात. दहा वर्षांपूर्वी तिथे बटाट्याचं शेत होतं. शेतकऱ्याने कॉलनायझरला विकलं, कॉलनायझरने चुन्याच्या रेघा मारून प्लाट पाडले, शेतात जी विहीर होती ती आता कोणाच्या तरी प्लाट नंबर सतराच्या खाली आहे. तिथे नर्मदेची लाइन नाही. चार घरं मिळून टँकर घेतात आणि ज्या दिवशी टँकर येतो त्या दिवशी बाई कामाला येत नाहीत, कारण घरी कोणी नसलं तर ड्रम भरत नाही. त्यांचा पगार महिन्याचा आणि खाडा टँकरच्या हिशोबाने, म्हणून आम्ही खाडा कापणं बंद केलं, पण सगळीकडे नाही ना बंद करत. सगळ्यात गरीब माणूस या शहरात लिटरमागे सगळ्यात महाग पाणी पितो. तुमच्या नक्श्यात तिची कॉलनी कोणत्या रंगात आहे? पिवळ्यात, म्हणजे वस्तीच्या, की हिरव्यात, म्हणजे शेतीच्या? ती म्हणते आम्ही हिरव्यात आहोत म्हणून लाइन येत नाही.

शहर केवढं झालंय ते मला सांगायला नको, तुम्हीच वाढवलंय. २०११ च्या जनगणनेत २० लाखांच्या आसपास, २०१४ मध्ये २९ गावं पालिकेत आली, आता तर उज्जैन, देवास, धार सगळं मिळून महानगर करायची गोष्ट चालू आहे. जुना मास्टर प्लॅन २००८ मध्ये लागू झाला, नावातच २०२१ होतं, त्याची मुदत संपून किती दिवस झाले ते कॅलेंडर सांगेल. तोपर्यंत शहर थांबलं नाही, ते आपलं धावतच होतं, प्लॅन मागून येऊन राहिला.

मी विकासाच्या विरोधात नाही, हे लिहावंच लागतं नाहीतर लोक लगेच तुटून पडतात. स्वच्छतेत लागोपाठ नंबर आला २०१७ पासून, त्याचा मला पण अभिमान आहे, पुण्याच्या मामेभावासमोर मी पण छाती फुगवून बसतो. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की आमच्या बिल्डिंगमधला सगळ्यात आळशी माणूस पण ओला-सुका वेगळा घेऊन खाली येतो, तो माणूस मीच. म्हणजे इंदूरच्या माणसाला सवय लावली तर लागते, हे तुम्ही सिद्ध करून दाखवलंत. म्हणूनच विचारतोय, मग पाण्याची का नाही लावली?

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश माणूस आला होता, शहरांचे प्लॅन करणारा पॅट्रिक गेडिस, होळकर दरबाराने बोलावलेला, प्लेगचे दिवस होते. त्याने १९१८ मध्ये दोन खंडांचा रिपोर्ट दिला, तो तुमच्या ऑफिसात कुठे तरी असेलच. पण रिपोर्टपेक्षा त्याची दिवाळीची मिरवणूक मला आवडते. लोक त्याला घाबरायचे, नक्शे घेऊन फिरणारा गोरा म्हणजे घर पाडणार. तर त्याने एक दिवसाचा महाराजा होण्याची परवानगी मागितली आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त असतील त्यांतून जाईल. बस, सगळं शहर झाडू घेऊन बाहेर. मिरवणुकीत प्लेगचा मोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार नवीन कपड्यांत, हार घालून. आजची कचरागाडीची स्पर्धा बघितली की मला वाटतं गेडिसचंच भूत फिरतंय छत्रीबागेत. पण तो आधी गल्लीगल्लीत पायी फिरला, काय काय आहे ते बघितलं, आणि मग रेघ मारली. तुमच्याकडे सॅटेलाइट आहे. सॅटेलाइटला ओटला दिसतो, पार्किंगच्या फरशीखालची विहीर दिसत नाही.

आणि जे दिसत नाही त्याची किंमत आपण एकदा दिलीये. ३० मार्च २०२३, रामनवमी, बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिर. हवन चालू होतं, खालची स्लॅब गेली आणि स्लॅबखाली बावडी होती, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. ३६ माणसं गेली. त्या दिवशी अख्ख्या इंदूरला कळलं की अपण कशाकशावर उभे आहोत. मग काय केलं, ती बावडीच भरून टाकली. म्हणजे पहिल्यांदा झाकली म्हणून माणसं मेली, आणि दुसऱ्यांदा तिलाच गाडलं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ती डोळ्यांसमोर नको वाटली असेल, त्यांना बोलायचा मला अधिकार नाही. पण शहर सांभाळणाऱ्या कोणीतरी बसून विचार करायला हवा होता की अशा अजून किती आहेत आणि कोणाच्या पायाखाली.

तलावांचं थोडक्यात सांगतो. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर आपल्याला वेटलँड सिटी म्हणून मान मिळाला, भारतात पहिल्यांदाच. यशवंत सागर होळकरांनी १९३९ मध्ये गंभीर नदीवर बांधला, आजही सारस दिसतात तिथे, कधी सकाळी जाऊन बघा, मन निवतं. पण तलाव म्हणजे काठावरचा बोर्ड, वॉकिंग ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट नाही. तलाव म्हणजे ज्या वाटेने त्याच्यात पाणी येतं ती वाट. बिलावली तलावावर जाऊन विचारा पाणी कुठून यायचं, म्हातारे लोक हात करून दाखवतात आणि त्या हाताच्या दिशेला आता बंगले आहेत. तुमच्या नक्श्यात तलाव निळा असतो, ती वाट कोणत्याच रंगात नसते, म्हणून ती विकली जाते. रजिस्ट्री पण होते.

झाडांचं तर मी बोलतच नाही. २०२४ मध्ये रेवती रेंजला एका दिवसात १२ लाखांच्या वर रोपं लावून रेकॉर्ड केला, मी पण गेलो होतो, तीन लावली, एकाचं काय झालं माहीत नाही. तेवढ्यात आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात कडुलिंब गेले. आता रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर भिंत गरम. शब-ए-मालवा म्हणायचे ना, मालव्याची रात्र, गच्चीवर गोधडी लागायची मे महिन्यात. मुलीला सांगितलं तर ती म्हणते बाबा एसी सोळावर करा, लागेल गोधडी.

तर मागणी. लांबलचक नाही, दोन ओळींची आहे. कुठलाही नक्शा पास करायच्या फॉर्मात एक रकाना घाला: या जागेत विहीर, बावडी किंवा नाल्याची वाट आहे का, आणि असेल तर कुठे. आणि मास्टर प्लॅन छापायच्या आधी जुन्या इंदूरच्या प्रत्येक वॉर्डात एक माणूस म्हाताऱ्यांबरोबर पायी फिरवा, जिथे ते बोट दाखवतील तिथे खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर टाकून ठिपका मारा. फक्त ठिपका. उकरायचं की नाही, छताचं पाणी त्यात सोडायचं की नाही, ते नंतर बघू. पण एकदा ठिपका कागदावर आला की तो गिळताना बिल्डरला विचार करावा लागेल, आणि माझ्यासारख्याला सही करताना पण. वॉटर हार्वेस्टिंगचा नियम आहे ते मला माहीत आहे, आमच्या बिल्डिंगने पण फोटो काढून दिला होता, पाइपचा, जो कुठेच जात नाही.

हे काम लवकर करा कारण बोट दाखवणारे कमी होऊन राहिलेत. आमच्या गल्लीत आता एक आजी आहेत, ब्याऐंशीच्या, त्यांना एका दमात पाच विहिरी आठवतात, कोणत्या गोड्या आणि कोणती खारट ते पण. वडिलांच्या फाइलीत मला आजोबांच्या वेळच्या वाटणीचा एक हातनक्शा सापडलाय, निळ्या शाईचा, त्यात आमची विहीर आहे आणि शेजारच्या वाड्याबरोबर सामाईक भिंतीतली अजून एक आहे जी मी कधी बघितली पण नाही. तो कागद मी लॅमिनेट न करता जपून ठेवलाय, दावे-आपत्तीच्या, म्हणजे हरकती ऐकायच्या दिवशी घेऊन येईन, बोलवा. नाही तर तुम्हीच या, पोहे खाऊ घालतो, वरून जिरावन मसाला आणि शेव, मग खाली पार्किंगमध्ये जाऊन तो कोपरा दाखवतो. पावसाळ्यात आलात तर दाखवायची पण गरज नाही, तुमचे बूट सांगतील.

फक्त येताना आमचा नळाचा दिवस टाळा. एक दिवसाआड येतो, सकाळी, आणि त्या तासाभरात आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

कळावे,
मल्हारगंजातला तिसऱ्या मजल्यावरचा एक रहिवासी